चित्रपटाचे वेष्टन आणि त्याचे नाव : 'कुंकू'च्या निमित्ताने

१

गेल्या वर्षी उपयोजित कलेच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी प्रस्तुत लेखकाकडे एक शंका घेऊन आली. परीक्षेसाठी तिला एखाद्या जुन्या भारतीय चित्रपटाच्या डीव्हीडीचे वेष्टन तयार करावयाचे होते, आणि त्यासाठी तिने प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा 'कुंकू' हा चित्रपट निवडला होता. रंग, चित्र, मांडणी हे तिच्या विद्येचे विषय. त्यांत भाषेच्या अध्यापकाने लक्ष घालण्याचे कारण नव्हते. तिची शंका निराळी होती. तिने विचारले, "सर, कण्यावर नाव कोणते घालू?" कणा म्हणजे पेटी फळीवर उभी ठेवली असता तिची जी अरुंद पट्टी आपल्यासमोर येते, ती.

प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटला. चित्रपटाचे जे नाव असेल ते घालावे, हे उत्तर ओठांवर आले होते. परंतु तिने केलेला कच्चा आराखडा पाहिल्यावर ते देववेना. दर्शनी बाजूस रोमन लिपीत हिंदी नाव होते, त्याखाली इंग्रजी नाव होते, आणि 'कुंकू' ही दोन अक्षरे मागील बाजूस तपशिलाच्या बारीक ओळींत जाऊन बसली होती. हे तिने बेफिकिरीने केले होते असे नव्हे. ज्या सूच्या व जे संदर्भ तिच्या हाती आले, त्यांपैकी बहुतेकांत हा चित्रपट हिंदी नावाखाली नोंदलेला होता आणि मराठी नाव 'अन्य नाव' या सदरात होते. तिने वाचले तेच मांडले.

या शंकेचा विचार करू लागल्यावर ध्यानात आले की, चित्रपटाच्या वेष्टनाचा इतिहास हा केवळ सजावटीचा इतिहास नव्हे. ही कृती कोणत्या नावाची, कोणत्या भाषेची आणि म्हणून कोणाची, याविषयी प्रत्येक काळाने जे निर्णय दिले त्यांचा तो इतिहास होय. हे निर्णय बहुधा घाईने आणि विक्रीच्या दृष्टीने दिले गेले. तथापि पुढील अभ्यासकाच्या हाती पुरावा म्हणून तेच येतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने 'कुंकू'च्या वेष्टनाचा विचार करावयाचा आहे.

२

चित्रपट ही मुळात वेष्टन नसलेली वस्तू होती. रिळे पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव जात, परंतु डबा प्रेक्षकाच्या दृष्टीस कधी पडत नसे. प्रेक्षक चित्रपट विकत घेत नव्हता. तो दोन-तीन तासांपुरती बसावयाची जागा विकत घेत होता. त्यामुळे चित्रपटाभोवती जे काही गुंडाळले गेले ते कागदी होते : हस्तपत्रके, भिंतीवरची मोठी चित्रे, वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि चित्रपटगृहाच्या दाराशी विकली जाणारी गाण्यांची पुस्तके. डीव्हीडीच्या वेष्टनाचे पूर्वज शोधावयाचे ते येथे.

या कागदी संसाराची मुळे मुद्रणव्यवसायात आहेत, आणि हा योगायोग नव्हे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित करणारे धुंडिराज गोविंद फाळके हे त्यापूर्वी छायाचित्रण, ठसे आणि शिळामुद्रण यांच्या धंद्यात मुरलेले होते. रविवर्मा प्रेसशीही त्यांचा संबंध आला होता. पुढे कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे बाबूराव पेंटर हे तर नावाप्रमाणे चित्रकारच. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रे ते स्वतः रंगवीत. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्र भारतीय चित्रपटांच्या आज ज्ञात असलेल्या अगदी जुन्या भित्तिपत्रांत गणले जाते. पडद्यावरील चित्र काळ्यापांढऱ्या रंगाचे आणि दारावरील कागद मात्र रंगीत, अशी परंपरा या मंडळींच्या काळापासून आहे. विद्यार्थिनीच्या आराखड्यात दर्शनी बाजूवर एक मोठा लाल ठिपका होता. 'कुंकू' कृष्णधवल आहे, त्यात लाल रंग कोणी पाहिलाच नाही, मग हा ठिपका अनैतिहासिक नव्हे काय, असा आक्षेप तिच्या वर्गात घेतला गेला होता. त्याचे उत्तर वरील परंपरेत आहे. १९३७ सालच्या प्रेक्षकाने पडद्यावर काळा ठिपका पाहिला आणि मनात तो लाल वाचला. कागदाने मनातले छापावयाचे, हे काम कागदाकडे प्रारंभापासूनच होते.

भाषेच्या दृष्टीने मात्र मूकपट आणि बोलपट यांत मूलभूत फरक आहे. मूकपटात दृश्यांच्या अधूनमधून लिखित पाट्या येत. फाळक्यांच्या चित्रांत त्या इंग्रजीत आणि देवनागरीत असत. चित्र एक आणि लिप्या अनेक, अशी ती व्यवस्था होती. पाटी बदलली की चित्र दुसऱ्या प्रांतात जाऊ शके. १९३१ साली 'आलम आरा'ने पडद्याला वाचा दिली आणि ही सोय संपली. बोलणारा मनुष्य एका वेळी एकच भाषा बोलतो. नंतर ध्वनी बदलण्याची तंत्रे रुळली नव्हती तोपर्यंत यावर एकच उपाय होता : तेच दृश्य, त्याच मंचावर, दोन भाषांत दोनदा चित्रित करणे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीने हा मार्ग पद्धतशीरपणे अवलंबिला. 'संत तुकारामा'सारखे (१९३६) चित्र केवळ मराठीत निघाले. परंतु कंपनीच्या अनेक प्रसिद्ध चित्रांची मराठी व हिंदी अशी दोन स्वतंत्र रूपे आहेत.

या जोड्यांची नावे भाषाभ्यासकाने एकदा शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारखी आहेत. 'अयोध्येचा राजा' आणि 'अयोध्या का राजा' (१९३२) : येथे फरक केवळ षष्ठीच्या प्रत्ययाचा. 'अमृतमंथन' (१९३४) : येथे तत्सम शब्द असल्यामुळे फरकच नाही. 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) : येथे शब्दास शब्द दिला आहे. या सर्व जोड्यांत एक नाव घेतले की दुसरे आपोआप समजते. वेष्टनावर कोणतेही घातले तरी अर्थाची हानी होत नाही. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' ही जोडी मात्र या कोणत्याच वर्गात बसत नाही. दोन नावांत एकही शब्द समान नाही, एका शब्दाचा दुसरा प्रतिशब्दही नाही. विद्यार्थिनीच्या शंकेस खरे वजन येथे येते.

३

आता डीव्हीडीकडे वळावयाचे. चित्रपट घरी नेण्याची वस्तू झाला तो व्हिडिओ कॅसेटमुळे. १९७६ साली जपानमध्ये निघालेली व्हीएचएस कॅसेट आपल्याकडे १९८०च्या दशकात गल्लोगल्लीच्या व्हिडिओ लायब्ररीत पोहोचली. १९९३ मध्ये व्हीसीडी आली. तिच्यात जेमतेम सव्वा तासाचे चित्र मावत असल्यामुळे एका चित्रपटास दोन, प्रसंगी तीन तबकड्या लागत. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये व १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, आणि एका थराची साठवण ४.७ अब्ज बाइट.

तिच्या पेटीची मापे मात्र विचार करण्यासारखी आहेत. तबकडी सीडीएवढीच असूनही पेटी १९० मिलिमीटर उंच आणि १३५ मिलिमीटर रुंद आहे. तबकडीस एवढ्या उंचीची आवश्यकता नाही. ही उंची जवळजवळ कॅसेटच्या पेटीची आहे. दुकानांतील फळ्या त्या मापाच्या होत्या, आणि नव्या वस्तूस जुन्या फळीवर बसावयाचे होते. उच्चार बदलल्यावरही शब्दाचे जुने लेखन काही काळ टिकते, तसाच हा प्रकार म्हणावयास हरकत नाही. या पेटीभोवती पारदर्शक आवरणाखाली सरकवला जाणारा छापील कागद २७३ मिलिमीटर लांब व १८३ मिलिमीटर उंच असतो : दर्शनी बाजू १२९.५, मागील बाजू तेवढीच, आणि मध्ये १४ मिलिमीटरचा कणा.

या १४ मिलिमीटरांची तुलना तबकडीच्या आतील जागेशी करून पाहावी. डीव्हीडीच्या रचनेप्रमाणे एका चित्रासोबत आठपर्यंत ध्वनिपट्टे आणि बत्तीसपर्यंत उपशीर्षकांचे पट्टे देता येतात. म्हणजे मूकपटाची हरवलेली उदारता तंत्राने परत आणली : चित्र एक, भाषा अनेक. तबकडीच्या आत कोणत्याही भाषेस नकार द्यावा लागत नाही. नकार द्यावा लागतो तो कण्यावर. तेथे एका नावापुरती, एका ओळीपुरतीच जागा असते. फळीवर हात फिरविणाऱ्यास आत किती भाषा आहेत हे दिसत नाही; त्यास दिसतो तो कणा.

२००७ साली आपल्याकडे एका मोठ्या उत्पादक कंपनीने ३४ रुपयांस डीव्हीडी व २८ रुपयांस व्हीसीडी विकावयास प्रारंभ केला, आणि जुने चित्रपट किराणा दुकानाच्या फळीपर्यंत गेले. ही मोठी लोकशिक्षणाची घटना होती, यात शंका नाही. ज्यांनी 'प्रभात'चे नाव केवळ वडीलमंडळींच्या तोंडून ऐकले होते त्यांनी ती चित्रे प्रथम याच काळात पाहिली. परंतु याच काळात अनेकांच्या मनात जुन्या चित्रांची नावे कायमची ठरली, आणि ती वेष्टनावरून ठरली, हेही विसरता कामा नये.

४

'कुंकू'ची कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली आहे. नीरा नावाची पोरकी मुलगी; मामा-मामी फसवून तिचे लग्न काकासाहेब या प्रौढ विधुर वकिलाशी लावून देतात, ज्याची मुलेच तिच्या वयाची वा तिच्याहून मोठी आहेत. नीरा घरात राहते, परंतु हा विवाह विवाह म्हणून स्वीकारावयाचे नाकारते. तिचा नकार शेवटपर्यंत टिकतो. मोडतो तो काकासाहेबांचा अहंकार, आणि अखेर ते स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवितात. नीरेची भूमिका शांता आपटे यांची, काकासाहेबांची केशवराव दाते यांची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. या एका कथेची चार नावे झाली : कादंबरीचे 'न पटणारी गोष्ट', मराठी चित्राचे 'कुंकू', हिंदी चित्राचे 'दुनिया न माने', आणि इंग्रजी वाचकांसाठी 'द अनएक्स्पेक्टेड'.

या नावांचे व्याकरण पाहिले तर प्रत्येक नावाने नकार निरनिराळ्या ठिकाणी ठेवला आहे असे दिसते. 'पटणे' हे क्रियापद मराठीत ज्याला पटते त्याला चतुर्थीत ठेवते : मला पटते, तिला पटत नाही. 'न पटणारी गोष्ट' या नावात हा चतुर्थीचा मनुष्य गाळलेला आहे. कोणाला न पटणारी? नीरेला, वाचकाला, की समाजाला? शिवाय 'पटणे' म्हणजे खरे वाटणे आणि 'पटणे' म्हणजे परस्परांशी जमणे. नवराबायकोचे पटत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा हा दुसरा अर्थ असतो. दोन्ही अर्थ या कथेस लागू पडतात. अनुवाद करावयास कठीण, आणि म्हणूनच नेमके, असे हे नाव आहे.

हिंदी नावात कर्ता स्पष्ट आहे : दुनिया. 'माने' हे रूप संभावनार्थी असल्यामुळे, जग मान्य करो वा न करो, असा आव्हानाचा सूर त्यात आहे. नकार येथे जगाकडे गेला. नीरा त्या जगासमोर उभी आहे. इंग्रजी नावात तर नकारही नाही, केवळ अनपेक्षितता आहे. कोणाच्या अपेक्षेबाहेरचे, हे सांगितलेले नाही. दुरून पाहणाऱ्याचे ते नाव आहे.

'कुंकू' या नावात क्रियापदच नाही. एक वस्तू समोर ठेवलेली आहे. संस्कृत 'कुंकुम' म्हणजे केशर. मराठी 'कुंकू' म्हणजे हळदीपासून केलेली लाल पूड. या शब्दाभोवती मराठीत एक संपूर्ण संसार उभा आहे. नवऱ्यास 'कुंकवाचा धनी' म्हणतात, म्हणजे कपाळ बाईचे आणि त्यावरील खुणेचा मालक दुसरा. आणखी एक गोष्ट अशी की, आपल्याकडे कुंकू मुली लहानपणापासून लावीत. लग्नाने ते कपाळावर येत नसे. वैधव्याने ते पुसले जात असे. म्हणजे ही खूण नवऱ्याने दिलेली नव्हे, परंतु त्याच्या मरणाने हिरावली जाणारी होती. जिच्या कथेत असा नवरा तिच्यावर लादला गेला आहे, तिच्या चित्राचे नाव म्हणून हा एक शब्द काय काय बोलतो, हे मराठी घरात वाढलेल्या प्रेक्षकास समजावून सांगावे लागत नव्हते. उत्तरेत सौभाग्याची खूण भांगातील सिंदूर ही आहे, आणि तो लग्नातच प्रथम भरला जातो. म्हणून 'कुंकू'स तेथे तोलाचा शब्द नव्हता. हिंदी नाव निराळे ठेवावे लागले याचे निदान एक कारण हे असावे, असे अनुमान करावयास जागा आहे.

विद्यार्थिनीच्या इंग्रजी मजकुरात 'कुंकू'साठी 'व्हर्मिलियन' हा शब्द होता. तो शब्द पाऱ्यापासून होणाऱ्या शेंदरी रंगाचा, म्हणजे सिंदुराचा. हळदीचे कुंकू पाऱ्याचे झाले, आणि त्यासरशी वरील सर्व भेद पुसला गेला. एका शब्दाची ही चूक इंग्रजी वाचकाच्या कधीच ध्यानात आली नसती.

५

नाव ठरले तरी ते कण्यावर बसवावयाचे हा प्रश्न उरतोच, आणि येथे लिपीचा संबंध येतो. कण्यावरील नाव आडवे करून छापावे लागते. इंग्रजी पद्धतीत ते वरून खाली वाचले जाते, फ्रेंच पद्धतीत बहुधा खालून वर. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८५ साली या विषयाचे मानक सिद्ध केले आहे. नाव वरून खाली वळविले की देवनागरीची शिरोरेषा उजवीकडे उभी राहते, मात्रा व अनुस्वार तिच्याही उजवीकडे जातात, आणि उकार डावीकडे येतात.

आता हिशेब पाहावा. कण्याचे १४ मिलिमीटर. घडी किंचित सरकते म्हणून दोन्ही कडांस दोन-दोन मिलिमीटर सोडले तर उरले १०. रोमन मोठी अक्षरे हे दहाचे दहा मिलिमीटर व्यापू शकतात, कारण त्यांच्या वर वा खाली काही नसते. 'कुंकू' या शब्दास मात्र तीन मजले आहेत : वर अनुस्वार, मध्ये अक्षराचे अंग, खाली ऱ्हस्व व दीर्घ उकार. वरच्या-खालच्या चिन्हांना जागा दिली की अंगास जेमतेम पाच-सहा मिलिमीटर उरतात. म्हणजे एकाच कण्यावर रोमन नाव मराठी नावाच्या जवळजवळ दुप्पट मोठे दिसते. मराठी पेट्यांच्या कण्यावर रोमन लिपी आढळली की आपण ते भाषाभिमानाच्या अभावाचे लक्षण मानतो. ते काही अंशी खरे असेल. परंतु काही अंशी हा भूमितीचा प्रश्न आहे, आणि भूमितीचा प्रश्न अभिमानाने सुटत नाही. तो कौशल्याने सुटतो.

ते कौशल्य आपल्याकडे होते. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींसाठी कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी जी नावे रेखाटली, त्यांत वेलांटी, उकार आणि मात्रा यांना त्यांनी अडचण न मानता रचनेचे साहित्य मानले. स्तंभाच्या अरुंद जागेत नाटकाचे नाव असे बसे की ते वाचण्याआधीच ओळखू येई. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखन, अध्यापन आणि संगणकीय अक्षररचना या तिन्ही क्षेत्रांत हाच विचार पुढे नेला. देवनागरीचा घटक वर्ण नसून अक्षर आहे, म्हणजे स्वरासह उच्चारले जाणारे एकक आहे. त्याचा वरचा-खालचा विस्तार हा त्याच्या देहाचाच भाग होय, ही जाण या कामांमागे आहे.

विद्यार्थिनीने प्रथम नाव उभ्या ओळीत, एकाखाली एक अक्षर असे लावून पाहिले. 'दुनिया न माने' या नावाची त्या पद्धतीने सहा शकले झाली. शिरोरेषा प्रत्येक ठिकाणी तुटली, आणि शब्द कोठे संपतो हेही कळेना. 'कुंकू'ची मात्र दोनच अक्षरे. ती एकाखाली एक ठेवली असता शब्द मोडत नाही, मान वाकडी करावी लागत नाही, आणि प्रत्येक अक्षरास १० मिलिमीटरची पूर्ण रुंदी मिळते. वरच्या अक्षराचा अनुस्वार तिने भरीव लाल ठिपका केला, आणि दर्शनी बाजूवरील मोठा ठिपका काढून टाकला. लिपीचे चिन्ह आणि कपाळावरील चिन्ह एकच झाले. भाषेच्या अध्यापकास ही कल्पना सुचली नसती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

येथे एक सूचना करावीशी वाटते. जुन्या चित्राचे नाव वेष्टनावर घालताना ते चित्रातील नामपट्टीवरून पाहून घ्यावे, आजच्या शब्दकोशावरून घेऊ नये. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे आहेत. त्यापूर्वी नपुंसकलिंगी नामांच्या अंती अनुस्वार देण्याची पद्धत रूढ होती. नामपट्टीवर जे असेल ते त्या काळाचे साक्ष्य होय, आणि ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

६

मागील बाजूवर तपशील येतात, आणि वेष्टन पुराव्याचे रूप घेते ते तेथे. पूर्वी हे काम गाण्यांच्या पुस्तकांकडे होते. चार-आठ पानांच्या या पुस्तकांत श्रेयनामावली, कथेचा सारांश आणि गीते असत. मजकूर कित्येकदा देवनागरी, उर्दू, गुजराती आणि रोमन अशा अनेक लिप्यांत छापलेला असे. सारांश कथेच्या ऐन पेचाशी थांबे आणि पुढील भाग पडद्यावर पाहावयास सांगे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिनीस लिहून दिलेल्या टिपणात काकासाहेबांच्या अंताचा उल्लेख होता. तिने तो वगळला. जुन्या पुस्तकांचा संकेत तिला ठाऊक नव्हता, तरी नकळत तिने तो पाळला.

तथापि त्याच टिपणात याहून मोठी चूक होती. चित्रपटाच्या भाषेपुढे 'मराठी व हिंदी आवृत्ती' असे लिहिले होते. तिने विचारले, "आवृत्ती म्हणजे एकाच चित्राला दुसरा आवाज दिलेला, असेच ना?" तसे नव्हे, हे सांगताना ध्यानात आले की, आपण वापरलेला शब्दच दिशाभूल करणारा आहे. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' यांच्या प्रमुख भूमिका त्याच नटांच्या, दिग्दर्शक तोच. परंतु ती दोन चित्रे आहेत. ओठ निराळे हलले आहेत, संवाद निराळ्या श्वासाने बोलले गेले आहेत. संगीत दोहोंत केशवराव भोळे यांचे. पण मराठी गीते शांताराम आठवले यांची आहेत आणि हिंदी गीते मुन्शी अझीझ यांची. विद्यार्थिनीच्या पहिल्या आराखड्यात 'कुंकू' या नावापुढे गीतकार म्हणून मुन्शी अझीझ यांचे नाव पडले होते, कारण तिने तपशील हिंदी नावाच्या नोंदीवरून घेतले होते. नावाची निवड चुकली म्हणजे केवळ नाव चुकत नाही. त्याच्या मागोमाग दुसऱ्याचे श्रेय, दुसऱ्याची भाषा आणि दुसऱ्याचे गाणे येऊन बसते.

डीव्हीडीच्या सोयीमुळे ही भीती वाढते. आत आठ ध्वनिपट्टे देता येतात, हे खरे. म्हणून पेटीत हिंदी चित्र घालून त्यास मराठी उपशीर्षके जोडली आणि कण्यावर दोन्ही नावे छापली, तर ग्राहकास दोन्ही मिळाल्यासारखे वाटेल. वस्तुतः त्या पेटीत मराठी चित्र नसेलच. हिंदी चित्र गौण आहे असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. त्याचे स्वतःचे नाव आहे, स्वतःचा प्रेक्षकवर्ग आहे आणि स्वतःचे वेष्टन असण्याचा त्यास तितकाच अधिकार आहे. एकास दुसऱ्याचे 'अन्य नाव' म्हणू नये, एवढाच मुद्दा आहे.

७

कोणी म्हणेल की, डीव्हीडीचा काळ सरला. आता त्याच्या वेष्टनाची चर्चा कशासाठी? विक्रीचा विचार केला तर हे बरोबर आहे. आज चित्रपट बहुधा तारेवरून वा हवेतून येतो आणि त्याच्याबरोबर नखाएवढे चित्र व नाव येते. परंतु त्या नावाचा एक गुणधर्म इतिहासाच्या अभ्यासकाने ओळखला पाहिजे : ते आज एक असते आणि उद्या बदलले तर जुने काय होते याचा माग सर्वसामान्य वाचकास राहत नाही. छापील वेष्टन चुकले तरी चूक जपून ठेवते. कोणत्या साली, कोणत्या नावाखाली, कोणत्या लिपीत हे चित्र लोकांपुढे ठेवले गेले, याची ती तारीखवार साक्ष आहे. गाण्यांच्या पुस्तकांकडे, भित्तिपत्रांकडे आपण आज ज्या आदराने पाहतो त्या आदराने त्यांच्या काळात कोणी पाहिले नव्हते. ती रद्दीत गेली, आणि जी वाचली ती १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांमुळे वाचली. जानेवारी २००३ मध्ये जुन्या प्रभातच्याच आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या कित्येक जुन्या रिळांची राख झाली. ज्या चित्रपटाचे रीळ उरत नाही त्याचे जे काही उरते ते कागदावर.

एका ग्रंथालयात अलीकडेच असा प्रकार पाहण्यात आला की, जागा वाचविण्यासाठी डीव्हीडी पेट्यांतून काढून कापडी पाकिटांत ठेवल्या होत्या आणि वेष्टने फेकून दिली होती. तबकड्यांवर पेनने आकडे घातले होते. सूचीत 'कुंकू' शोधले असता मिळाले नाही. हिंदी नावाने शोधले असता मिळाले; ती तबकडी मराठी होती. वेष्टनावर योग्य नाव होते किंवा नव्हते, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून दोन गोष्टी करण्याजोग्या आहेत. एक म्हणजे आपल्या विभागांच्या व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ज्या मराठी चित्रपटांच्या कॅसेट, व्हीसीडी व डीव्हीडी असतील त्यांची वेष्टने वेगळी काढून, सपाट करून, सालवार लावून ठेवावीत. एका खोक्यात शेकडो मावतात. दुसरी म्हणजे सूचीत प्रत्येक चित्र त्याच्या नामपट्टीवरील नावाने व भाषेने नोंदवावे, आणि द्वैभाषिक जोडीतील दुसरे चित्र ही स्वतंत्र नोंद समजून परस्परनिर्देश द्यावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी विषय हवा असल्यास प्रभातच्या जोड-चित्रांची नावे व त्यांची वेष्टने हा विषय अद्याप जवळजवळ अस्पर्श आहे.

विद्यार्थिनीने अखेरीस सादर केलेल्या वेष्टनाच्या कण्यावर 'कुंकू' एवढेच आहे. मागील बाजूस, श्रेयनामावलीच्या खाली, चार ओळींत चार नावे दिली आहेत आणि प्रत्येकापुढे ते कशाचे नाव आहे हे लिहिले आहे : कादंबरी, मराठी चित्र, हिंदी चित्र, इंग्रजी नाव. गीतकाराच्या जागी शांताराम आठवले यांचे नाव आहे. परीक्षकांनी मांडणीस गुण दिले. मजकुराविषयी त्यांच्या शेऱ्यात काही लिहिलेले नाही. त्या वेष्टनाची एक प्रत विभागाच्या संग्रहात, वर सुचविलेल्या खोक्यातील पहिला कागद म्हणून, ठेवली आहे.